भिंत आणि तिचा सांधा



दापोडीचे मेट्रो स्थानक 1 ऑगस्ट 2023 रोजी लोकांसाठी खुले झाले. त्यापूर्वी काही वर्षे मुंबई-पुणे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने एक देखावा पाहिला असेल. दूरच्या आवारात ओतलेले काँक्रीटचे पोकळ तुकडे ट्रेलरवरून यावयाचे आणि यंत्राला लटकून दोन खांबांच्या मध्ये एकापुढे एक बसावयाचे. मार्ग जागेवर बांधला जात नव्हता, तो जुळवला जात होता. हीच रीत कारखाने, गुदामे आणि दुकानांच्या इमारतींतही येत आहे. तेथे मालकापुढे प्रश्न असतो तो पद्धतीच्या निवडीचा. ती निवड आजवर कशी होत आली आणि तिची किंमत कोणी मोजली, एवढाच आजचा विषय आहे.

काँक्रीटची भिंत तीन रीतींनी उभी राहते. पहिली आपल्या परिचयाची. परांची बांधावयाची, फळ्यांचा साचा उभा करावयाचा, सळया बांधावयाच्या आणि वर चढून काँक्रीट ओतावयाचे. दुसरी म्हणजे कारखान्यात पॅनेल ओतून, ते पिकवून, ट्रेलरवरून आणून क्रेनने बसविणे. तिसरीत इमारतीची फरशी आधी करतात, तिच्यावर काँक्रीट चिकटू नये म्हणून द्रव्य फासतात, भिंत त्याच फरशीवर आडवी ओततात आणि ती कठीण झाली की क्रेनने उचलून उभी करतात. छपराशी जोडली जाईपर्यंत ती लोखंडी टेकूंवर उभी असते.

यांतील निवड पुष्कळशी वजन आणि रस्ता ठरवितात. काँक्रीटचा एक घनमीटर सळयांसह सुमारे अडीच टन भरतो. नऊ मीटर उंच, सहा मीटर रुंद आणि अठरा सेंटिमीटर जाड भिंत धरली तर वजन चोवीस टनांच्या घरात जाते. अशी भिंत रस्त्याने आणणे कठीण. ती जागेवरच ओतावी लागते. उलट अडीच मीटर रुंद, नऊ मीटर लांब आणि पंधरा सेंटिमीटर जाड पॅनेल साडेआठ टनांच्या आत बसते व ट्रेलरवर मावते. त्याला कारखाना लागतो, आणि सारखे साचे शेकडो वेळा वापरले गेले तरच कारखाना परवडतो. मोकळा भूखंड आणि एकमजली गुदाम असेल तर आडवी ओतण्याची रीत सोयीची. दाट वस्तीत क्रेनला फिरावयास आणि भिंत ओतावयास जागाच नसते.

ही तिसरी रीत जन्मली लष्कराच्या कामात. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेजाऱ्यांना याचे नवल वाटू नये. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील झायन गावाजवळ, कॅम्प लोगन येथे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट एकेन यांनी चांदमारीच्या भिंती आडव्या ओतून उभ्या केल्या. पुढे अर्व्हिंग गिल या वास्तुशिल्पकाराने त्यांचे हक्क विकत घेऊन 1914 साली कॅलिफोर्नियात ला होया येथील महिला मंडळाची वास्तू याच रीतीने बांधली. परंतु तिचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. फिरत्या क्रेन सहज मिळू लागल्या, हे एक कारण. त्या देशात मजुरी महाग होती, हे दुसरे आणि आमच्या मते मोठे कारण.

आपल्या देशानेही प्रयोग लवकर केला. फाळणीनंतर घरांची टंचाई होती म्हणून दिल्लीत सरकारने तयार घरांचा कारखाना उभारला. तेथील हलक्या काँक्रीटची पॅनेले वाहतुकीत तडकली, सांधे नीट जमले नाहीत, आणि संसदेत टीका झाली. 1953 साली त्या कारखान्याची हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी ही कंपनी झाली. पुढे 1978 साली तिचे नाव हिंदुस्थान प्रीफॅब झाले. पुण्यात बी. जी. शिर्के यांनी मुंढव्यास स्वीडनच्या तंत्राने सिपोरेक्स या हलक्या काँक्रीटचे उत्पादन सुरू केले, आणि कारखान्यात ओतलेले खांब व तुळया यांच्याशी त्याची जोड घालून मोठमोठी कामे केली. तात्पर्य, तयार काँक्रीट पुण्याला नवे नाही.

तरीही आमच्या पट्ट्यात ते सावकाश आले. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड भरले, पुढे चाकण वाढले; पण बहुतेक शेड लोखंडी सांगाड्यावर पत्रा घालून झाल्या, आणि काँक्रीटचे काम घमेल्यांनी वर चढत राहिले. कारण उघड आहे. डोक्यावर घमेले घेणारी बाई क्रेनपेक्षा स्वस्त पडत होती. पद्धतीची निवड अभियंत्याच्या कागदावर होते असे आपण समजतो. पुष्कळदा ती मजुरीच्या दराने आधीच झालेली असते.

म्हणून पॅनेलाला आमचा विरोध नाही. उंचीवरचे काम जमिनीवर येते, ही मजुराच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. परांचीवरून पडणारा माणूस वाचतो. पण धोका नाहीसा होत नाही, तो गोळा होऊन दोन ठिकाणी बसतो: उचलण्याच्या घटकेत आणि सांध्यात.

सांध्याची साक्ष इतिहास देतो. लंडनमध्ये रोनन पॉइंट ही 22 मजली पॅनेलांची इमारत 16 मे 1968 रोजी पहाटे एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत ढासळली. अठराव्या मजल्यावर चहासाठी काडी ओढताच गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली आणि तिच्या आधारावरचे सारे खाली आले. चार माणसे गेली. 9 फेब्रुवारी 1971 च्या कॅलिफोर्नियातील भूकंपात आडव्या ओतलेल्या भिंतींच्या गुदामांत भिंती छपरापासून सुटल्या. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छच्या भूकंपात तयार भागांच्या अनेक प्राथमिक शाळांची छपरे कोसळली. भाग एकमेकांना पुरेसे बांधलेले नव्हते. या तिन्ही ठिकाणी घात झाला तो भागांच्या जोडणीत. 1967 ची कोयना आणि 1993 ची किल्लारी पाहिलेल्या महाराष्ट्राने हे विसरणे परवडणारे नाही.

उचलण्याच्या घटकेचा अनुभव आमचा स्वतःचा आहे. या पट्ट्यातल्या एका कामावर छप्पर जोडले जाण्यापूर्वीच काही टेकू काढण्यात आले, कारण ते पुढच्या भिंतीला हवे होते. टेकू भाड्याचे होते आणि भाडे दिवसाचे होते. वैशाखातली वावटळ आली आणि भिंत आडवी झाली. जेवणाची सुटी होती, म्हणून खाली कोणी नव्हते. टेकू काढणाऱ्या पोरांना आम्ही विचारले, तेव्हा एकजण म्हणाला, “मुकादमाने सांगितले, आम्ही काढले. भिंत कशावर उभी आहे हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.”

या उत्तरापुढे आम्ही बराच वेळ गप्प बसलो. त्या पोराला शिव्या देणे सोपे होते. पण जुन्या गवंड्याला ओळंबा उस्तादाने शिकविला होता. या पोराला कोणी उस्तादच नव्हता. पद्धत नवी आली, तिच्याबरोबरचे शिक्षण मागे राहिले. इमारत मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला, उपकरही बसला. परंतु सांधा भरणाऱ्या हाताला कुशल कारागिराचा दर मिळवून देणे, ही लढाई कामावरच लढावी लागते.

तेव्हा आपल्यापैकी जे कारखानदार, व्यापारी वा अभियंते आहेत, त्यांना आमची विनंती आहे. दोन पद्धतींचे दर शेजारी मांडताना चार प्रश्न त्याच कागदावर लिहा. उचलण्यापूर्वी काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद पाहणार कोण? टेकू किती, आणि ते कोणाच्या लेखी हुकुमाने निघणार? सांधा भरल्यावर तो झाकण्याआधी तपासणार कोण? आणि सांधा भरणाऱ्याला शिकविण्याचा खर्च कोणत्या रकान्यात आहे? हे रकाने रिकामे ठेवून जी पद्धत स्वस्त दिसते, तिची उरलेली किंमत कोणीतरी दुसरा देत असतो. ती कोण देतो, हे आम्ही संघटनेचे लोक पुष्कळ वेळा रुग्णालयाच्या दारात उभे राहून पाहत आलो आहोत.