तारेच्या टोकाचे बेट

स्मरणिकेसाठी लेख हवा म्हणून मंडळातून फोन आला, तेव्हा मी म्हटले, "अहो, आमच्या सहममध्ये लिहिण्यासारखे आहे तरी काय? समुद्र, खजूर, लिंबाच्या बागा आणि किनाऱ्यावरचा मासळीबाजार." मस्कतपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या आमच्या गावात मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गणपतीला मस्कत गाठले तर गाठले, नाहीतर घरातल्या घरात आरती. पण गेली दोन-तीन वर्षे एक विषय डोक्यात घोळतो आहे, तोच आज आपल्यापुढे ठेवतो. त्याची सुरुवात आमच्या घरातून झाली.

आमची मुलगी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. कोविडमध्ये तिचे ऑफिस घरी आले. ऑक्टोबर २०२० मध्ये मस्कतचा विमानतळ पुन्हा उघडला आणि नव्या वर्षात ती 'पंधरा दिवसांसाठी' म्हणून सहमला आली. राहिली जवळजवळ दहा महिने. पुणे आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे तिचे नऊ म्हणजे आमचे साडेसात. सकाळी मी सोहारला कामावर निघायचो, तेव्हा बाईसाहेब चहाचा कप घेऊन खिडकीशी बसलेल्या, आणि कानाला यंत्र लावून पुण्याशी बोलणे सुरू.

एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, ऑफिस म्हणजे आता जागा राहिलेली नाही. मी कायमची नोकरी सोडून सुटी सुटी कामे घेणार आहे. वर्ष या बेटावर, वर्ष त्या बेटावर." कॅरिबियनमधल्या बार्बाडोसने २०२० मध्ये असा व्हिसाच काढला होता आणि त्याच वर्षी मॉरिशसनेही. लॅपटॉप घेऊन या, काम तुमच्या देशाचे करा, राहा आमच्याकडे. या लोकांना 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. मी म्हटले, "म्हणजे भटकी जमात." ती हसली, पण मी मनापासून विरोधात होतो हे इथे कबूल केलेले बरे. मॉरिशसला आपल्या कोकणातली माणसे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत राबायला गेली. तिथे आमची मुलगी हौसेने जाणार, हे काही माझ्या पचनी पडेना.

मग आले शाहीन. ३ ऑक्टोबर २०२१ च्या त्या वादळाने बातिनाच्या किनाऱ्याची काय दशा केली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. सुवैक, खाबूरा आणि आमचे सहम पाण्यात गेले. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढा चिखल. वीज नाही, फोन नाही, इंटरनेट तर नाहीच. चौथ्या दिवशी सोहारच्या रस्त्यावर एका ठिकाणी मोबाइलला जीव आला आणि साठलेले निरोप धडाधड आले. त्यांत वाईहून आलेला एक होता. माझी आत्या गेली होती. तीन दिवस आधी. मुलगी तिच्याशी रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलायची, त्या शेवटच्या दिवसांत आत्या "पोरीचा फोन कसा नाही आला?" असे विचारत होती म्हणे. मुलगी रस्त्याच्या कडेला गाडीत बसून रडत होती. मला लहानपणची तार आठवली. आमच्या घरी 'तार आली' म्हटले की आधी आई भिंतीला टेकून खाली बसायची, मग कोणीतरी लखोटा फोडायचे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तार निदान घरपोच तरी यायची, असे त्या दिवशी वाटून गेले.

त्यानंतर मी तारेच्या इतिहासात शिरलो आणि शिरता शिरता आपल्याच ओमानमधल्या एका बेटावर पोहोचलो. मुसंदमला बोटीतून फिरून आलेल्या अनेकांनी ते पाहिले असेल. बोटवाला दाखवतो, "टेलिग्राफ आयलंड!" आपण फोटो काढतो, मासे पाहायला पाण्यात उतरतो आणि जेवायला बसतो. स्थानिक नाव जझीरत अल मकलब. लांबी जेमतेम दीडशे मीटर. वायरच्या टोकाला बसून दूरदेशीचे काम करणारी माणसे इथे राहिली होती, १८६४ नंतरच्या तीन-चार वर्षांत.

मागची हकिकत थोडक्यात अशी. १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोहोचायला दीड महिन्याच्या आसपास लागला. साहेबाला ते फार लागले. घाईघाईने १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून एक तार टाकली गेली: सुएझहून एडन, तिथून कुरिया मुरिया बेटांवर, पुढे मस्कत आणि कराची. (कुरिया मुरिया म्हणजे आजची हल्लानियात बेटे. सय्यद सईद बिन सुलतान यांनी ती १८५४ मध्ये व्हिक्टोरिया राणीला दिली आणि १९६७ मध्ये ती ओमानला परत मिळाली.) म्हणजे मस्कतला तार आली होती १८६० मध्येच! पण केबल खडकांवर ताणून टाकलेली, वरचे आवरण कच्चे. काही महिन्यांतच ती मुकी झाली. मात्र सरकारने कंपनीला पन्नास वर्षांच्या परताव्याची हमी देऊन ठेवली होती, त्यामुळे मेलेल्या तारेचे हप्ते पुढे दशकानुदशके भरले गेले. सरकारी खाती तेव्हाही तशीच होती म्हणायची.

दुसऱ्या वेळी शहाणपण आले होते. नवी तार आखातातून न्यायची ठरली: ग्वादर, मुसंदम, बुशहर आणि शेवटी इराकच्या तोंडाशी फाव, तिथून जमिनीवरून बगदाद आणि कॉन्स्टँटिनोपल. यातले ग्वादर तेव्हा मस्कतच्या सुलतानाचे होते, आणि १९५८ पर्यंत ओमानचेच राहिले. आमच्या सहम-सोहारच्या बाजूला इतके बलुची कुटुंबीय का, याचे उत्तरही या जुन्या नात्यात आहे. कामाचा मुख्य होता पॅट्रिक स्टुअर्ट नावाचा तरुण लष्करी इंजिनियर. त्याने १८५७-५८ मध्ये लखनौकडे जाणाऱ्या फौजेबरोबर तारा ओढल्या होत्या. केबल इंग्लंडात तयार झाली: मधे तांब्याची तार, भोवती मलायातल्या झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चा, त्यावर ताग आणि लोखंडी तारांचे चिलखत. ती घेऊन शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून आली आणि १८६४ च्या सुरुवातीला काम सुरू झाले.

आता आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. त्या पाच केबलवाहू जहाजांपैकी दोन मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली, मलबारी सागवानात बांधलेली होती. 'असाये' आणि 'पंजाब'. दोन्ही आधी लढाऊ जहाजे. १८६३ मध्ये आरमारी खाते मोडीत निघाले तेव्हा ती विकली गेली आणि 'पंजाब'चे नाव 'ट्वीड' झाले. तिचा बांधा मालकाला इतका आवडला की पुढे १८६९ मध्ये त्याने 'कटी सार्क' बांधून घेतली ती तिच्याच वळणावर, असे सांगतात. लंडनला ग्रीनिचमध्ये 'कटी सार्क' पाहायला तिकीट काढून जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एकदा मुंबईच्या गोदीकडे तोंड करून नमस्कार करावा.

मुसंदमला तारघर कशासाठी? तर तेव्हा लांब केबलमधून खूण जाता जाता क्षीण व्हायची. म्हणून मधे मधे माणसे बसवावी लागत. एकाने आलेला निरोप अक्षर अक्षर उतरवून घ्यायचा आणि पुन्हा हाताने पुढच्या तारेवर वाजवायचा. कराचीहून निघालेला शब्द असा माणसांच्या हातांतून लंडनला जायचा. मुसंदमची जागा नेमकी मधली. पण मुख्य भूमीवर शिहूह टोळ्यांचा मुलूख, तिथे तळ टाकणे धोक्याचे वाटले. म्हणून खोरात आतवर असलेले हे खडकाचे ढेकूळ निवडले.

त्या खोराचे इंग्रजी नाव वाचून मी थबकलो. एल्फिन्स्टन इनलेट! खडकीच्या लढाईच्या वेळचा पुण्याचा रेसिडेंट आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला तोच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. अरुंद खिंडीपलीकडच्या दुसऱ्या खोराला नाव दिले माल्कमचे. दुसरा बाजीराव १८१८ मध्ये ज्याच्या स्वाधीन झाला, महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्याच्या नावाची, तो. मुंबईच्या आरमारी खात्याने १८२० च्या दशकात हा किनारा मोजला आणि आपल्या साहेबांची नावे ठोकून दिली. आखाताचा राजकीय कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारकडे होता, आणि तारेच्या अलीकडच्या टोकाचे कराचीही मुंबई इलाख्यातच. पेशवाई बुडवणारे दोघे जण ओमानच्या टोकाला पाठीला पाठ लावून बसले आहेत. आज मात्र तिथे कोणी ती नावे घेत नाही. अरबीत ती खोर अश्शम आणि घुब्बत अल घझीरा, आणि मुंबईतले एल्फिन्स्टन रोड स्टेशनही २०१८ पासून प्रभादेवी झाले.

जानेवारी १८६५ मध्ये बगदाद-फाव दुवा जुळला आणि कराची-लंडन तार सुरू झाली. स्टुअर्ट ते पाहायला उरला नाही. त्याच महिन्यात कॉन्स्टँटिनोपलला त्याचा अंत झाला, वय ३२. वीस शब्दांच्या तारेला पाच पौंड पडत. तुर्की हद्दीतल्या कारकुनांना इंग्रजी येत नसे, त्यामुळे निरोप कधी दिवसेंदिवस रखडत आणि पोहोचत तेव्हा ओळखू येत नसत. (ग्राहकांच्या तक्रारींचे वर्णन वाचताना मला आमच्या मुलीच्या मीटिंगा आठवल्या: "हॅलो, ऐकू येतंय का? परत सांगा.") बेटावरचे तारमास्तर ही सारी धावपळ दोन्ही बाजूंनी पुढे ढकलत होते. कापसाचे भाव, युद्धाच्या अफवा, कोणाच्या मुलाचा जन्म. त्यांच्या स्वतःच्या घरची खबर मात्र कागदावर, मुंबईहून आखातात जाणाऱ्या स्टीमरने येणाऱ्या टपालात. ती टपालसेवा १८६२ मध्ये सुरू झाली होती.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही तिघे तिथे गेलो. ओमानमधून ओमानमध्ये जायला मधे अमिराती ओलांडावी लागते. शिनासच्या पुढे एक सीमा, रास अल खैमाच्या पुढे दुसरी. खसबहून लाकडी बोट खोरात शिरली. दोन्ही बाजूंना उघडे बोडके डोंगर थेट पाण्यात उतरलेले, झाड नावाला नाही. डिसेंबर असूनही दुपारी आत वारा पडला. जूनमध्ये हे खडक भट्टीसारखे तापतात तेव्हा बाहेरून झुळूकही येत नसेल. 'राउंड द बेंड' म्हणजे डोके फिरणे हा इंग्रजी वाक्प्रचार इथूनच निघाला, असे बोटवाल्याने आम्हाला रंगवून सांगितले: हे वळण घेऊन आत गेलेला माणूस वेडा व्हायचा म्हणून. या व्युत्पत्तीला पुरावा नाही. पण तिथे बसून ती खोटी म्हणवत नाही.

बेटावर दगडी पायऱ्या आहेत आणि इमारतीच्या पायाचे अवशेष. बस. १८६८ च्या अखेरीस ठाणे उठले आणि तार समोरच्या इराणी किनाऱ्यावर जास्ककडे वळवली. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन समुद्री तार टाकली. मस्कतला मात्र टिकाऊ तार यायला १९०१ उजाडले.

मुलगी पायऱ्यांवर बसली होती. हातात फोन, त्यावर रेंज शून्य. ती म्हणाली, "बाबा, यांना निदान पाठवले तरी होते. बदली झाली, गेले. मी तर स्वतःहून जाणार म्हणतेय." मी उगाच काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आत्याआजीला फोन नाही गेला, त्यात माझी चूक नव्हती ना?" मी नाही म्हटले. बायकोने तिला जवळ घेतले. बोटवाला भोंगा वाजवत होता, डॉल्फिन आले होते.

परतताना मी तिला २००८ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबली तुटल्या आणि दोन दिवसांत दुबई-ओमानच्या मधली फाल्कन केबलही. हिंदुस्थानातली कित्येक ऑफिसे रांगू लागली. फाल्कनच्या जागी सापडला एक बेवारस, काही टन वजनाचा नांगर. "म्हणजे अजून वायरच आहे," ती म्हणाली. हो, वायरच आहे. आकाशातून काही येत नाही, बहुतेक सारे समुद्राच्या तळावरूनच येते, त्याच आखातातून.

२०२३ मध्ये तिने नोकरी सोडली. मी विरोध केला नाही. फारसा केला नाही, असे बायको दुरुस्त करते. ती मॉरिशसला गेली. पोहोचल्याच्या दिवशी तिने पहिला निरोप पाठवला, तो समुद्राच्या फोटोचा नव्हता. घरमालकिणीचा लँडलाइन नंबर, कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर आणि गल्लीतल्या एका मराठी आजोबांचा पत्ता. मी ते तिन्ही कालनिर्णयच्या मागच्या पानावर बॉलपेनने उतरवून घेतले आणि कॅलेंडर वरच्या मजल्यावर टांगले, पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर.