आपोआप साफ होणारी टाकी

१८६० च्या सुमाराची गोष्ट. फ्रान्समधल्या वेझूल या गावात जाँ-लुई मूरास नावाच्या माणसाने एका घराच्या मैलापाण्यासाठी जमिनीखाली बंद टाकी बांधली. काही वर्षांनी ती उघडली, तेव्हा ती गच्च भरलेली असेल असंच सगळ्यांना वाटत होतं. आत होतं मुख्यतः पाणी. घन मैला जवळजवळ नाहीसा झाला होता. मूरासने म्वान्यो या विज्ञानलेखक धर्मगुरूंच्या मदतीने १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इंग्रजी नियतकालिकांनी या टाकीला जे नाव दिलं त्याचा सरळ अर्थ होतो 'आपोआप काम करणारा भंगी'.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा थांबले. आमच्या नगरपरिषदेची नोटीस घरी आलेली होती: रस्त्यात भुयारी गटाराची लाइन पडली आहे, सेप्टिक टँक बंद करून जोडणी घ्या. बाबांचं वय झालेलं, म्हणून प्लंबर, अर्ज, फी, सगळं माझ्याकडे आलं. त्या निमित्ताने अंगणातल्या टाकीचा इतिहास शोधायला लागले आणि पहिल्याच पायरीवर हे नाव भेटलं. म्हणजे माणसाची जागा यंत्र घेईल हे आश्वासन या टाकीच्या जन्मापासूनच तिला चिकटलेलं आहे. ते किती पाळलं गेलं, हा या लेखाचा विषय.

'सेप्टिक टँक' हे नाव १८९५ चं. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे सर्वेअर डोनाल्ड कॅमेरन यांनी झाकलेली टाकी बांधली आणि कुजणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचं नाव ठेवलं. तत्त्व सोपं आहे. मैलापाणी टाकीत सावकाश थांबतं. जड भाग तळाला बसतो, तेलकट भाग वर साय धरतो, मधलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जीवाणू काम करतात. त्यातून वायू निघतो आणि तो जळतो. कॅमेरन यांनी त्यावर दिवे पेटवून दाखवले.

हे तंत्र मुंबईला लगेच पोचलं. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात, ज्याला पुढे ॲकवर्थ रुग्णालय म्हणू लागले, एकोणिसावं शतक संपता संपता सेप्टिक टँकचे प्रयोग झाले. टाकीतला वायू गोळा करून वापरलाही गेला. कार्कीट जेम्स या इंजिनियरने पूर्वेकडच्या देशांतल्या मलनिस्सारणावर जाडजूड पुस्तकं लिहिली. गोबरगॅसचा इतिहास लिहिणारे आजही माटुंग्याचं नाव घेतात.

पण तेव्हाची मुंबई चालत होती माणसांच्या डोक्यावर. चाळींच्या मागे अरुंद घरगल्ल्या ठेवलेल्या असत, त्या मैला उचलणाऱ्यांना जाता-येता यावं म्हणून. त्या लोकांना महापालिका 'हलालखोर' म्हणे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात घरमालकांवर चक्क 'हलालखोर कर' आहे. पुढे तो शब्द गेला आणि मलनिस्सारण कर आला. करपावती बदलली. दक्षिण मुंबईत घरगल्ल्या अजून आहेत.

आमच्या तालुक्याच्या गावात घरगल्ली नव्हती, बोळ होता. जुन्या घराच्या मागे पाटीचा संडास आणि त्याला बोळाच्या बाजूने छोटं दार. सकाळी एक बाई यायची. बाबा सांगतात, आजी तिला भाकरी द्यायची, पण वरून, हात न लागता. सणाला पोळीही द्यायची. त्या बाईचं नाव बाबांना आठवत नाही. घरात कोणालाच आठवत नाही. बोळात पूर आला होता ते साल मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे.

या कामाला हात घालणारे लोक महाराष्ट्रात होते. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितलं, आणि ते उच्च जातीचे म्हणून तुरुंगाने नाकारलं. त्यांनी अन्न कमी केलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचं खत करणाऱ्या साध्या संडासांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जे काम कोणीतरी केलंच पाहिजे, ते अशा रीतीने रचा की कोणालाही करता येईल आणि केल्याची लाज वाटणार नाही. १९४९ मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीवर बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणं बंद झालं पाहिजे, हे तेव्हापासून सरकारी कागदांवर येत राहिलं.

गावोगाव ते बंद झालं त्यात सेप्टिक टँकचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलंच पाहिजे. आमच्या बाबांनी १९८६ मध्ये नवं घर बांधलं, अंगणात टाकी केली, बोळाकडचं दार विटांनी बंद केलं. ती बाई यायची थांबली. हा खरा बदल होता, आणि बाबांना त्याचा अभिमान आहे. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतातल्या ३८.२ टक्के घरांचे संडास सेप्टिक टँकला जोडलेले होते आणि ३२.७ टक्के घरांचे गटाराच्या पाइपलाइनला. म्हणजे शहरांतही पाइपलाइनपेक्षा टाक्या जास्त.

फक्त एक गोष्ट मूरासच्या आश्वासनात बसत नव्हती. गाळ पूर्ण नाहीसा होत नाही. दर दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. न उपसल्यास मधली जागा कमी होते आणि मैला तसाच शोषखड्ड्यात, तिथून जमिनीत, तिथून कधी शेजारच्या विहिरीत जातो. उपसायला माणूस लागतो. आधी तो रोज बोळातून यायचा, आता काही वर्षांनी एकदा झाकण उघडून आत उतरतो. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरलेल्या माणसाला वाटतं, वायू गेला. तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातम्यांमध्ये एकाच टाकीत दोघं-तिघं का मरतात, त्याचं कारण हे आहे.

२०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे फक्त नगरपालिकेला लागू नाही. कुठल्याही व्यक्तीला लागू आहे, म्हणजे तुम्हाला, मला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मध्ये २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला गोवंडीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या टाकीत मेलेल्या तिघा कामगारांच्या पत्नींना भरपाई द्या, असं शासनाला सांगावं लागलं. कायदा होता, निकाल होता, तरी त्या बायकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

आमच्या टाकीचा शेवटचा दिवस आला तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं. टाकी बंद करायची तर आधी पूर्ण रिकामी करायची, मग तळाला भोक पाडून मुरूम भरायचा. सक्शन गाडी आली. पाणी ओढून झालं. ठेकेदार आत वाकून म्हणाला, "ताई, खाली गाळ घट्ट बसलाय, पाइपाला येत नाही. एक पोरगा उतरवतो. अर्ध्या तासाचं काम."

पोरगा गाडीला टेकून उभा होता. एकोणीस-वीसचा असेल. हातात मोबाइल, पायात स्लिपर.

मी म्हटलं, कोणी उतरणार नाही. ठेकेदार वैतागला. "मग पाणी मारून गाळ सैल करावा लागेल, गाडीच्या दोन खेपा वाढतील. पैसे कोण देणार?" बाबा ओट्यावरून ऐकत होते. बोळाचं दार बंद करणारा तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. "आम्ही देऊ. पाणी मारा."

तीन खेपा झाल्या. संध्याकाळपर्यंत गाळ निघाला. पोराने पाइप धरला, वरूनच.

पुढे मी ठेकेदाराला विचारलं, गाडी रिकामी कुठे करता? तो हसला आणि म्हणाला, "गावाबाहेर." यापेक्षा जास्त त्याने सांगितलं नाही.

म्हणून भुयारी गटार आलं, आता सुटलो, असं मला म्हणता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे भारतातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. बाकीचं नद्यांत, नाल्यांत, खाड्यांत जातं. शिवाय गटाराची लाइन तुंबते, आणि चेंबरचं झाकण उघडणारा माणूस पुन्हा त्याच वस्त्यांमधून येतो. फरक इतकाच की आता ते झाकण माझ्या अंगणात नाही, रस्त्यात आहे, आणि तिथे कोणी उतरत असेल तर मला दिसणारही नाही.

तरी मी जोडणी घेतली, आणि घ्यावी असंच म्हणेन. अंगणातली टाकी एका घराच्या लहरीवर चालते: कधी उपसायची, कोणाकडून, किती पैशांत. सार्वजनिक लाइनबद्दल निदान प्रश्न तरी विचारता येतो. शुद्धीकरण केंद्र आहे का, चालू आहे का, लाइन तुंबली की मशीन येतं की माणूस उतरतो, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. मी अर्ज केला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही भाड्याने राहत असाल किंवा सोसायटीत, एवढं नक्की करा: खाली जाऊन झाकण कुठे आहे ते बघा. मग सेक्रेटरीला विचारा, मागच्या वेळी ते कोणी उघडलं होतं.