फ्लिंट: इंजिनाला सरोवराचं पाणी, माणसांना नदीचं

गंज म्हटलं की आपल्याला लोखंडी गेट आठवतं. पण पाइपाच्या आतला गंज दिसत नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला तिथे डेट्रॉइटहून येणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं.

खरी मेख इथे आहे. जुन्या पाइपांत शिसं आधीपासूनच होतं. पण डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट घालायचे. त्याचा पातळ थर पाइपाला आतून धरायचा. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त, आणि फॉस्फेट घातलंच नाही! थर सुटला, शिसं नळात.

ऑक्टोबरात जनरल मोटर्सने सांगितलं, या पाण्याने इंजिनाचे भाग गंजतायत. कारखान्याला सरोवराचं पाणी परत मिळालं. घरांना? नदीचंच. वर 'पाणी सुरक्षित आहे' हे उत्तर.

सप्टेंबर 2015 मध्ये डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी लहान मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे मांडले. शिसं वाढलेल्या मुलांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं. सरकारने आधी त्यांनाच चुकीचं ठरवलं. पुढच्या महिन्यात जुनं पाणी आलं, पण सुटलेला थर असा लगेच बसत नाही. रस्ते खोदून शिशाचे पाइप बदलायचं काम नंतर कित्येक वर्षं चाललं.