चांदीच्या चमच्याची जबानी

जुन्या घराची वाटणी होते तेव्हा दागिने जपून ठेवले जातात, भांडी मोजली जातात आणि विलायती घडणीचे चार चमचे सराफाच्या तराजूत पडतात. सराफ वजन करतो, मोडीचा भाव सांगतो आणि व्यवहार संपतो. त्या चमच्यांच्या दांड्यामागे चार-पाच बारीक ठसे असतात; ते वाचण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही. चांदी मुशीत गेली की पैका हाती येतो, पण साक्ष कायमची नाहीशी होते. ही साक्ष कशी वाचावी आणि मुळात ती कोणासाठी लिहून ठेविली होती, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

शुद्ध चांदी मऊ असते. तीत थोडे तांबे मिसळल्यावाचून चमचा टिकाऊ होत नाही. पण हे 'थोडे' म्हणजे किती, ते घेणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत नाही. लबाडीला वाव मिळतो तो येथेच. म्हणून इंग्लंडात पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दीत, १३०० साली, असा कायदा झाला की हजार भागांत ९२५ भाग चांदी असल्याखेरीज वस्तू विकली जाऊ नये, आणि कसास उतरलेल्या वस्तूवर बिबट्याचे मुख उमटवावे. १३६३ साली प्रत्येक कारागिरावर स्वतःची खूण उमटविण्याचे बंधन आले. १४७८ पासून लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहात, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, चांदी आणून तिचा कस पाहिला जाऊ लागला. 'हॉलमार्क' या शब्दातील 'हॉल' तो हाच. त्याच वेळी दरवर्षी बदलणारे एक अक्षरही वापरात आले. आज आपण त्यावरून वस्तूचे वय काढतो. परंतु ते योजिले होते ते कोणत्या वर्षीच्या पारख्याने ही चांदी पसंत केली, हे कळावे म्हणून. हलकी चांदी निघाली तर घडविणारा सुटू नये आणि पारखणाराही सुटू नये, असा हा बंदोबस्त होता. सारांश, प्रत्येक ठसा कोणावर तरी जबाबदारी टाकतो, आणि म्हणूनच तो शतकांनंतरही बोलतो.

आता वाचण्याची रीत पाहू. पाऊल उचलून चालणारा सिंह दिसला, तर इंग्लंडात तपासलेली ९२५ कसाची चांदी समजावी; हा ठसा १५४४ पासूनचा. नंतर गावाची खूण शोधावी. बिबट्याचे मुख लंडनचे, किल्ला एडिंबरोचा, मुकुट घातलेली हार्प वीणा डब्लिनची. बर्मिंगहॅम व शेफील्ड येथील कचेऱ्या १७७३ साली निघाल्या. समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमला नांगर मिळाला आणि शेफील्डला मुकुट; पुढे १९७५ साली शेफील्डने मुकुट सोडून गुलाब घेतला. तेव्हा नांगर पाहून चमचा एखाद्या बंदरातला मानू नये.

एकट्या ठशावर विसंबल्यास फसगत होते. लंडनची वर्षाक्षरे वीस-वीसच्या फेऱ्यांनी चालत, त्यामुळे तेच अक्षर पुनःपुन्हा येते. रोमन लिपीतील लहान 'ए' १७७६ साली आला आणि १८१६ सालीही आला. दोन्ही वेळी सिंह तोच, आणि बिबट्याच्या मस्तकी मुकुटही तोच. तो मुकुट १८२१ साली उतरला. मग निवाडा कसा करावा? १७८४ साली चांदीवर कर बसला आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाचे मुख उमटू लागले; ही प्रथा १८९० पर्यंत चालली. म्हणून राजमुख असेल तर चमचा १८१६ चा. नसेल तर १८१६ साल बाद होते. शिवाय जुन्या चमच्यांवर ठसे वाटीजवळच्या अरुंद भागी असत. १७८० नंतरच्या काही वर्षांत ते दांड्याच्या टोकाकडे सरकले. दोन साक्षी जुळल्या म्हणजे निकाल पक्का.

कारागिराची खूण तर माणसाचेच नाव सांगते. वळणदार 'एच. बी.' ही हेस्टर बेटमन या लंडनच्या बाईची खूण. पतीच्या निधनानंतर १७६१ साली तिने ती नोंदविली आणि पुढे सुमारे तीस वर्षे कारखाना चालविला. चमचे हा तिच्या कामाचा मोठा भाग होता.

लबाडीही कमी नव्हती. कर चुकविण्यासाठी लहान वस्तूवरील ठसे कापून मोठ्या वस्तूत बसविणारे कारागीर होते. विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची कृती निघाल्यावर 'ई. पी. एन. एस.' ही चार अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत, हॉलमार्कच्याच थाटाने, उमटू लागली. आत असते जर्मन सिल्व्हर, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते.

आपल्या देशात इंग्रजी अमदानीत कस तपासून ठसा मारणारी अशी सरकारी कचेरी नव्हती. त्यामुळे कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीसारख्या पेढ्या आपल्या आद्याक्षरांशेजारी हत्तीसारख्या खुणा स्वतःच उमटवीत. कच्छच्या ऊमरसी मावजींच्या कामावर 'ओ. एम.' आणि 'भूज' अशी अक्षरे आढळतात. अशा ठशांवरून घडविणारा कळतो. पण कसाची हमी मिळते ती केवळ त्याच्याच शब्दाची. तिसऱ्या माणसाने पारखलेला ठसा आणि स्वतःच मारलेला ठसा यांतील हा भेद ध्यानी ठेवावा. भारतात चांदीसाठी मानक संस्थेची हॉलमार्क योजना सुरू झाली ती २००५ साली.

तेव्हा घरात असा चमचा असेल, तर त्याला चिंच-रांगोळीने घासू नये; ठसे झिजतात. उजेडात धरून भिंगाने पाहावे. सिंह, गाव, अक्षर, राजमुख, कारागीर या क्रमाने टिपून घ्यावे. एवढे करूनही विकणे प्राप्त असेल तर खुशाल विकावा. परंतु ज्याने तो घडविला व ज्याने तो पारखिला, त्या दोघांनी आपली अब्रू त्यावर गहाण ठेविली होती. त्यांची जबानी ऐकून घेतल्याशिवाय तो मुशीत टाकू नये.