वशिंड असलेला बैल आणि क्राफ्ट किटचा हिशोब



पोळा जवळ आला की परदेशातल्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "इथे मातीचे बैल कुठे मिळतील?" खाली उत्तरंही ठरलेली. कुणी नागपूरहून लाकडी जोडी मागवलेली असते, कुणी घरपोच येणाऱ्या 'प्राणी बनवा' किटची लिंक टाकतं. मी पेशाने सीए. लिंक उघडली की माझी नजर आधी किमतीवर जाते आणि मग आत काय काय आहे त्यावर. कापून ठेवलेलं फेल्ट, चार पाइप क्लीनर, चिकटवायचे डोळे, एक सूचनापत्रक. नुसत्या मालाची किंमत काढली तर फार थोडी निघते. बाकीचे पैसे आपण देतो ते कुणीतरी आपल्यासाठी आधीच विचार करून ठेवल्याचे.

हे असं डब्यात भरून विकणं कधी सुरू झालं, आणि त्याआधी घरातले प्राणी कशाचे बनत होते, हे वाचायला घेतलं आणि मी थेट साडेतीन हजार वर्षं मागे जाऊन पोचले. जे सापडलं ते इथे मांडते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. निघाली ती शेतकऱ्यांची वस्ती, इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली. मातीच्या भिंती, चुली, धान्याच्या कणग्या. म्हणजे आपल्या आजोळच्या घरात जे होतं तेच, फक्त फार आधीचं. यातल्या एका घरात, जमिनीखाली, झाकण घातलेलं एक मातीचं पात्र पुरून ठेवलेलं सापडलं. आत मातीची एक बाई, डोकं नसलेली, आणि मातीचा एक बैल. बाईच्या अंगाला एक भोक, बैलाच्या पाठीला एक भोक. दोन्हीतून एक काडी घातली की बाई बैलावर नीट उभी राहते!

अभ्यासक तिला देवी मानतात आणि ते पटण्यासारखं आहे, इतकं जपून कुणी खेळणं पुरत नाही. पण ती काडीची युक्ती बघा. बटाट्याला टूथपिक खोचून ज्यांनी मुलांबरोबर घोडा केलाय, त्यांना ती लगेच ओळखू येईल. माती अंगणातली, काडी कुंपणाची. घरात जे होतं त्यातूनच देव झाला.

आणि देव वेगळा, खेळणं वेगळं, अशी फाळणी आपल्याकडे कधी फारशी नव्हतीच. पोळ्याचा मातीचा बैल सकाळी पाटावर बसतो, त्याला हळदकुंकू, पुरणपोळीचा नैवेद्य, आणि संध्याकाळी तोच बैल पोरांच्या हातात असतो. भोंडल्याला पाटावर हत्ती काढायचा, त्याची पूजा करायची आणि त्याच्याभोवतीच फेर धरायचा. ज्यांच्या गोठ्यात बैल नव्हते त्यांच्यासाठी मातीचे बैल ही गरज होती, हौस नव्हे. दक्षिण महाराष्ट्रात हाच सण बेंदूर म्हणून आषाढात येतो, कर्नाटकी बेंदूर तर ज्येष्ठातच. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर त्याचं श्रेय दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना देतात. मोठ्यांचे खरे बैल, तर लहानांचे लाकडी, चाकं लावलेले. ते सजवून, दोरीने ओढत घरोघर जायचं आणि बोजारा गोळा करायचा. (बोजारा म्हणजे मुलांना मिळणारी ओवाळणी. माझ्या आयुष्यातलं पहिलं उत्पन्न, पूर्णपणे करमुक्त.)

चाकं लावलेले प्राणी हीसुद्धा जुनीच गोष्ट. सिंधू संस्कृतीच्या शहरांत भाजलेल्या मातीच्या गाड्या सापडल्या, आणि मान हलवणारे बैल: धड वेगळं, डोकं वेगळं, मध्ये दोरी. दोरी ओढली की बैल मान डोलावणार. आपल्या प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. चौघांचं मिळून वजन ६० किलोहून जास्त, त्यामुळे त्या कुणा बाळाच्या खेळण्यातल्या नव्हत्या हे नक्की. पण त्यांनाही चाकं आहेत.

या सगळ्या बैलांत मला सर्वात जास्त काय भावलं असेल तर ते वशिंड. मोहेंजोदडोच्या मातीच्या बैलांकडे बघा, आपला देशी बैल लांबूनच ओळखू येतो, कारण खांद्यावर वशिंड आहे. युरोपातल्या गाईबैलांना वशिंड नसतं, ती जातच वेगळी. आता आमची मुलगी इंग्लंडात वाढतेय. इथल्या कुरणांतल्या काळ्यापांढऱ्या गाई तिने शंभरदा पाहिल्यात. तिला म्हटलं बैल कर, तर तिने सपाट पाठीचा बैल केला. चूक काहीच नव्हती, तिने पाहिलेला बैल तसाच होता. मग मी तिच्या बैलाच्या खांद्यावरची कणीक चिमटीत धरून वर ओढली. "हे काय?" "वशिंड." "पण कशाला?" "जू त्याच्या पुढे बसतं." "जू म्हणजे?" अशी अर्धा तास वरात निघाली. वशिंड, जू, वेसण, कासरा, झूल, खूर, बाशिंग. शब्दांची यादी करून हे शब्द मी तिला शिकवायला बसले असते, तर दुसऱ्याच शब्दाला ती उठून गेली असती.

किटमधल्या फेल्टच्या गाईला वशिंड नसतं. असणारच नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाईवरून कापलेली आहे.

तर किट. महागडं खेळणं विरुद्ध घरचं खेळणं हे भांडण काही आजचं नाही. मृच्छकटिक या संस्कृत नाटकाचं नावच त्यावरून आहे. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी घरांतही ते पोचलं. गरीब झालेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला असतो. ती गाडी परत जाते, दासी रदनिका त्याला मातीची करून देते आणि पोरगं रडत बसतं: हिच्याशी नाही खेळायचं, सोन्याचीच हवी. वसंतसेना ते बघते आणि आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. पुढचं सगळं रामायण त्या दागिन्यांवरून. शेजाऱ्याच्या मुलाकडे आहे म्हणून मला हवं, हे वाक्य आपण दर ख्रिसमसला ऐकतोच की.

पण "शैक्षणिक साहित्याचा संच" ही कल्पना मात्र नवी, जर्मनीतली. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याने मुलांसाठी वस्तूंचे क्रमवार संच केले, त्यांना तो 'भेटी' म्हणे. पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरी म्हणजे लाकडी गोल, दंडगोल आणि घन. त्याबरोबर हस्तव्यवसायही होते: कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम, आणि मला सर्वात आवडलेलं, भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या. वाटाणा म्हणजे सांधा, काडी म्हणजे हाड. वाळला की वाटाणा काडीला घट्ट धरतो. असा प्राणी आजही वाटीभर हरभऱ्यात होतो. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली होती. मुलांनी वाटाण्याचे प्राणी करण्याचीसुद्धा सरकारला भीती वाटू शकते, हे वाचून मला हसावं की काय कळेना.

फ्रोबेलची कल्पना अमेरिकेत गेली आणि तिथे तिचा माल झाला. स्प्रिंगफील्डच्या मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या उद्योजकाने किंडरगार्टनचं साहित्य छापून, कापून, डब्यांत भरून विकायला काढलं. किटच्या बाजूनेही बोलायला हवं. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने फ्रोबेलच्या भेटी पाहिल्या आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणून दिल्या. तो मुलगा पुढे वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट झाला, आणि त्या लाकडी ठोकळ्यांचं ऋण तो आयुष्यभर सांगत राहिला. तेव्हा डबा आणला म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नये. पण ते ठोकळे होते हे विसरू नका. त्यातून काय बनवायचं ते मुलाने ठरवायचं होतं. आजच्या डब्यात प्राणी आधीच ठरलेला असतो.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं, तेही पुढे नेमक्या मापाच्या, नेमक्या रंगाच्या साहित्यासाठी ओळखलं जाऊ लागलं. आणि इथे आपल्या ताराबाई मोडक येतात.

ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर कामाला लागल्या. (गिजुभाई आधी वकील होते. आमच्यासारख्या कागदी पेशातल्या लोकांना आशा आहे.) १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. शहरातल्या बालमंदिरांत माँटेसरी साहित्य वापरता येत होतं. पण १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. तिथे हिशोब जुळेना. साहित्य परवडणारं नव्हतं, आणि मुळात मुलंच शाळेत येत नव्हती, कारण धाकटी भावंडं सांभाळायची होती, गुरं राखायची होती. मग शाळाच उठून वस्तीवर गेली, अंगणात भरू लागली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ पासून देशभर सरकारी योजनेत तो वापरला जातोय, पण त्याचा जन्म या अंगणांतला. गुरं राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली. आणि साहित्य? शंखशिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, काड्या, माती. १९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. ज्या घरांत बायका तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने भिंतीवर चित्रं काढत होत्या, तिथल्या मुलांना बाहेरचा डबा कशाला?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण त्यांच्या कामाकडे "गरिबांसाठी केलेली स्वस्त आवृत्ती" म्हणून बघणं मला मान्य नाही. मूल ज्या वस्तूंमध्ये जगतं त्याच वस्तूंपासून सुरुवात करायची, हा त्यातला विचार होता. पैसे वाचले हा जमेचा भाग. त्याच वाटेने पुढे अरविंद गुप्ता गेले. आयआयटी कानपूर, मग पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी, आणि मग सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या. ट्यूब म्हणजे सांधा, काडी म्हणजे हाड. फ्रोबेलचे वाटाणेच पुन्हा, फक्त भारतातल्या सायकलच्या दुकानातून आलेले.

आता हिशोब. "घरच्या वस्तूंतून करा, फुकट होतं" असं म्हणतात, ते सीए म्हणून मी मान्य करणार नाही. साहित्य जवळपास फुकट असतं, पण आईबाबांचा वेळ लागतो आणि तो ताळेबंदात कुठेच दिसत नाही. नोकरी, ट्रॅफिक, स्वयंपाक यातून तास काढणं कठीण आहे, त्याचं सोंग आणता येत नाही. किट विकणाऱ्याला हे नेमकं माहीत आहे, तो आपल्याला आपलाच वेळ परत विकतो. पण वशिंड म्हणजे काय हे सांगायला माणूस तिथे बसलेला लागतो, ते सूचनापत्रकात येत नाही. मी वर्षाला असे दहाबारा तास ठरवून बाजूला काढते, त्यापेक्षा जास्तीचं वचन देत नाही.

या पोळ्याला करायचं असेल त्यांच्यासाठी: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीभराहून थोडं कमी पाणी, घट्ट मळा. वशिंड वेगळं करून चिकटवू नका, वाळताना ते निघून येतं. त्याच गोळ्यातून चिमटीने वर ओढा, आणि पाठीच्या मध्ये नाही, खांद्यावर, नाहीतर उंट होतो. डोळ्यांना मिरे, खुरांना लवंगा. ओव्हनमध्ये १०० अंशांवर जाडीप्रमाणे दोन ते तीन तास ठेवा. चाकांसाठी बाटलीची झाकणं, आसासाठी कबाबची काडी. पाटीसारख्या एका पुठ्ठ्याखाली स्ट्रॉचे दोन तुकडे आडवे चिकटवा आणि काडी त्यातून सरकवा, म्हणजे ती आत मोकळी फिरते. काडीच्या टोकांना झाकणं, पुठ्ठ्यावर बैल, पुढे दोरी. घरात कुत्रा असेल तर बैल उंचावर ठेवा, एवढं मीठ त्याला घातक आहे. आणि दुसऱ्या दिवशी कुणा मराठी शेजाऱ्याच्या दारात पोरं बैल ओढत आली, तर सुट्टे पैसे तयार ठेवा. बोजारा कार्डाने देता येत नाही.