योजलेला शेवट आणि टळलेला मुहूर्त

अद्भुतरसाने भारलेली, दीर्घकाळ चालणारी दूरचित्रवाणी-मालिका मूळ संकल्पानुसारच संपवावी की प्रेक्षकांच्या आग्रहास्तव लांबवावी, हा वाद नवा भासत असला, तरी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस, म्हणजे निजामी दप्तरातील मोमिनाबादेस, त्याचे मर्म फार पूर्वीपासून अवगत आहे. तेथील आख्यायिकेनुसार योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. परंतु मुहूर्त टळला, वऱ्हाडाची शिळा झाली, आणि हत्तीखाना लेण्यांतील पाषाणगजांशी लोकश्रद्धेने त्याच लवाजम्याचा संबंध जोडला. योजलेला शेवट असा हुकला, तरी अविवाहित राहिलेली हीच देवी अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी झाली.

याउलट गोंधळाची वहिवाट पाहावी. चौक मांडून, दिवटी पाजळून, संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळी प्रथम ठिकठिकाणच्या दैवतांना आवाहन करतो, नंतर रात्रभर आख्यान रंगवतो. श्रोत्यांच्या रुचीनुसार ते आख्यान वाढो वा आटोपो, सांगता आरतीनेच व्हावी, हा दस्तूर मोडण्याचा अखत्यार यजमानासही नसतो.

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली संपली, तरी २०१९ मध्ये तिचे पूर्ववृत्त सांगणारे दुसरे आणि २०२१ मध्ये तिसरे पर्व अवतरले. अशा विस्तारास माझी सरसकट हरकत नाही. मध्य सैल आणि अंत बांधलेला, हा गोंधळ्याचा शिरस्ता मालिकाकारानेही पाळावा, एवढीच अपेक्षा आहे. कथेच्याच ओघातून उद्भवलेला अपूर्ण शेवट योगेश्वरीच्या आख्यायिकेप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. केवळ जाहिरातींच्या महसुलासाठी पुढे ढकललेला शेवट मात्र कथेचे सत्त्वच हरण करतो.