मेणबत्ती धरण्याचा मान

फ्रान्सचा चौदावा लुई १६४३ साली गादीवर आला तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. पुढे १६४८ ते १६५३ या काळात न्यायाधीशांनी व सरदारांनी बंडे केली. बालराजाला रातोरात पॅरिस सोडावे लागले. लुई ते विसरला नाही. १६६१ मध्ये मुख्य प्रधान माझारँ वारला, तेव्हा त्याने ते पद रिकामेच ठेवले आणि १६८२ मध्ये दरबार व्हर्सायच्या महालात हलविला.

तेथे राजाचे उठणे, पोशाख करणे, झोपणे, सारे सोहळेच! रात्री राजा कपडे उतरवीत असता मेणबत्ती धरून उभे राहण्याचा मान मिळावा म्हणून मोठमोठे सरदार झुरत. विद्यार्थ्यांना हे वाचून हसू येईल. पण सरदार येथे ताटकळत असताना त्यांच्या प्रांतांचा कारभार राजाने नेमलेले अधिकारी पाहत होते. बंड मोडण्याचा हा उपाय बिनरक्ताचा होता, परंतु स्वस्त नव्हता. सरदारांना मुख्य कर माफ, म्हणजे भार शेतकऱ्यावर. शिवाय युद्धे होतीच. १६८९ मध्ये महालातील चांदीचे सामानसुमान वितळवावे लागले. १६९३-९४ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. राजाच्या उठण्याझोपण्याचे सोहळे मात्र वेळच्या वेळी होत होते.